जमीन बोलते ते यंत्राला कळतं, गावाला कधी कळणार?

२१ मार्च २०२४. सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली, नांदेड, परभणी या तिन्ही जिल्ह्यांत जमीन हलली. दहा-अकरा मिनिटांनी पुन्हा एकदा. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने पहिल्या धक्क्याची तीव्रता ४.५ आणि दुसऱ्याची ३.६ सांगितली. केंद्रबिंदू हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या आखाडा बाळापूर भागात. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का, पुन्हा कळमनुरी तालुक्यातच.

त्या दिवशी नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने एक सूचना काढली होती. ज्यांच्या घरावरच्या पत्र्यांवर आधाराला दगड ठेवलेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. वाचायला साधी सूचना आहे, पण माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात कामाची बातमी तीच होती आणि बहुतेकांनी ती चार ओळींत गुंडाळली. आज लोहा तालुक्यातल्या कुठल्याही वाडी-तांड्यावर जा, पत्र्यावरचे दगड जागच्या जागी दिसतील. वारं-वावधान सुटलं की पत्रा उडतो, म्हणून दगड ठेवावाच लागतो. माणसाला रोजची भीती मोठी वाटते, तीस वर्षांतून एकदा येणारी नाही. यात गावकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मंडळी, हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत जमिनीचं ऐकणारी यंत्रं, ते ऐकून हिशेब करणारे संगणक आणि तो निरोप आपल्या खिशापर्यंत आणणारं नेटवर्क या तिन्ही गोष्टी इतक्या पुढं गेल्यात की, भूकंपाचा धक्का पोचायच्या आधी फोन वाजू शकतो. ही थाप नाही, जगात काही ठिकाणी हे रोज घडतंय. आणि आपल्या शेजारी औंढा नागनाथला तर ब्रह्मांडातली थरथर ऐकायचं यंत्र उभं राहतंय. मग प्रश्न असा की, एवढं सगळं असताना आपल्या गावाच्या वाट्याला त्यातलं काय येतं? याचं उत्तर शोधायचं तर थोडा इतिहास बघावा लागेल. पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

सुरुवात लांबून करतो. १८६८ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या जे. डी. कूपर नावाच्या डॉक्टरनं वर्तमानपत्रात एक कल्पना मांडली. भूकंपाची लाट जमिनीतून जाते, तार त्यापेक्षा कितीतरी वेगानं जाते. मग जिथं भूकंप नेहमी होतात तिथं एक यंत्र बसवा, जमीन हलली की ते तारेनं शहरात निरोप पाठवील आणि शहरात मोठी घंटा वाजेल. लोकांना घराबाहेर पडायला काही सेकंद मिळतील. कल्पना अगदी बरोबर होती. फक्त तेव्हा तसं यंत्र नव्हतं आणि हिशेब करणारा संगणकही नव्हता. ती घंटा वाजायला सव्वाशे वर्षं लागली. मेक्सिको सिटीत १९८५ च्या सप्टेंबरमध्ये भूकंपात हजारो माणसं गेली. त्यानंतर त्या देशानं समुद्रकिनाऱ्यावर यंत्रं बसवली आणि १९९१ पासून अशी व्यवस्था सुरू केली. किनारा शहरापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर असल्यानं शहराला मिनिटभराचा वेळ मिळू शकतो. जपानने १ ऑक्टोबर २००७ पासून साऱ्या देशासाठी असा इशारा सुरू केला.

आपल्या देशात यंत्रं आली ती १८९७ च्या आसामच्या भयंकर भूकंपानंतर. कलकत्त्याला अलीपूरच्या वेधशाळेत १८९८ मध्ये पहिलं भूकंपमापक बसलं आणि त्याच सुमारास मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेतही बसलं. कुलाब्याची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ती मोजणी बिघडणार हे नानाभाई मूस या संचालकांनी ओळखलं. मग ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. आजही अलिबागची वेधशाळा चालू आहे. म्हणजे यंत्राला शांतता लागते, शहराच्या गोंगाटात त्याला ऐकू येत नाही, हे महाराष्ट्राला सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या केल्या, त्या जागेच्या निवडीतही असा गोंगाट कमी असणं हे एक मोठं कारण होतं. औंढ्याचा विषय पुढं येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात भूकंपाकडं खरं लक्ष गेलं ते कोयनेमुळं. १९६२ मध्ये धरणात पाणी साठायला लागलं आणि परिसरात धक्के जाणवू लागले. म्हणून तिथं यंत्रं बसली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून कोयना हा जगातल्या शास्त्रज्ञांचा अभ्यासाचा विषय आहे. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि कोयना भागात तीन किलोमीटर खोल विंधन घेऊन भूकंपाच्या जन्मजागेजवळ जायचा प्रयत्न झालाय.

आणि मराठवाडा? मराठवाडा म्हणजे काळ्या बसाल्ट दगडाचं पठार. इथं जमीन स्थिर आहे असंच मानलं जायचं. तेव्हाच्या सरकारी नकाशात लातूरचा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. जिथं धोकाच नाही तिथं यंत्र कशाला? म्हणून यंत्र नव्हतं.

पण जमीन बोलत होती. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात धक्के बसत होते. त्या ऑक्टोबरात बसलेला एक धक्का तर चांगलाच मोठा होता. जमिनीतून आवाज येतात असं लोक सांगत होते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. दमून झोपलेली गावं. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ अशी वेगवेगळ्या मोजमापांनी सांगितली जाते. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं भुईसपाट झाली.

मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडं लोह्यातही भांडी वाजली, माणसं रस्त्यावर आली. पुढचे कितीतरी दिवस गल्लीतली सगळी घरं अंगणात झोपायची. पण काय झालं, कुठं झालं, हे पहाटे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याच्या घरी रेडिओ होता त्याच्या दारात गर्दी.

आता एक गोष्ट बघा. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार विसर्जनाच्या बंदोबस्तामुळं त्या रात्री मुंबईत उशिरापर्यंत जागेच होते. खिडक्या वाजल्या तसं त्यांनी कोयनेला फोन लावला, कारण महाराष्ट्रात भूकंप म्हटलं की कोयनाच डोळ्यासमोर यायची. तिथून कळलं की कोयनेला नाही, केंद्र लातूर जिल्ह्यात किल्लारीकडं आहे. हे त्यांनी स्वतः नंतर अनेकदा सांगितलंय. म्हणजे किल्लारीच्या भूकंपाचा पत्ता तीनशे किलोमीटरवरच्या यंत्रानं दिला. किल्लारीच्या उशाला यंत्र नव्हतं आणि किल्लारीची माणसं तर ढिगाऱ्याखाली होती.

त्यानंतर मात्र सगळे आले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेचे लोक आले, तेव्हा डॉ. हर्ष गुप्ता तिथले संचालक होते. जर्मनीचं पथक आलं. शेतात, शाळेत, देवळाच्या आवारात भूकंपमापकं बसली आणि मागून येणारे छोटे धक्के नोंदवले गेले. किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधन घेतलं. त्यातून कळलं की आपला काळा दगड तिथं ३३८ मीटरपर्यंत आहे, मग गाळाचा एक पातळ थर आणि त्याखाली ग्रॅनाइट. जागतिक बँकेच्या मदतीनं दक्षिण भारतातली पुणे, कराड यांसारखी जुनी भूकंप केंद्रं नव्या डिजिटल यंत्रांनी सजली. नकाशा बदलला. २००२ मध्ये पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. थोडक्यात, आधी माणसं गेली आणि मग यंत्रं आली. भारतातल्या भूकंपशास्त्राची मोठी झेप आपल्या मराठवाड्याच्या ढिगाऱ्यावरून झाली, हे आपण विसरू नये आणि दिल्लीलाही विसरू देऊ नये.

नांदेड शहराचंही ऐका. २००७ च्या आसपास आणि पुढं काही वर्षं नांदेडात जमिनीतून गूढ आवाज आणि छोटे धक्के यायचे. तीव्रता फार तर तीनच्या आसपास, पण खोली खूप कमी, म्हणून आवाज मोठा. अफवांना ऊत आला होता. हैदराबादच्या संस्थेने शहरात यंत्रं बसवली, धक्क्यांच्या जागा काढल्या आणि ते कुठल्या भेगेवर होतात याचा शोध घेऊन शोधनिबंध लिहिला. एक साधी गोष्ट यातून शिकण्यासारखी आहे. यंत्र जवळ असेल तर छोट्या धक्क्याचाही पत्ता सापडतो. पत्ता सापडला की अफवेची हवा जाते.

आता आजच्या काळाकडं येऊ.

भूकंपात मुख्यतः दोन लाटा महत्त्वाच्या. पहिली वेगानं येते, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर. ती फारसं नुकसान करत नाही, नुसता धक्का देते. दुसरी सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास येते आणि घरं पाडणारी तीच. रेडिओचा किंवा इंटरनेटचा निरोप मात्र प्रकाशाच्या जोडीनं धावतो, त्याला तीनशे किलोमीटर म्हणजे काहीच नाही. केंद्राजवळच्या यंत्रानं पहिली लाट पकडायची, संगणकानं दोन-चार सेकंदांत हिशेब करायचा आणि दुसरी लाट पोचायच्या आत निरोप पुढं पाठवायचा. कूपर डॉक्टरची घंटा ती हीच.

भारतात हे पहिल्यांदा केलं उत्तराखंडनं. आयआयटी रुरकीनं गढवाल आणि कुमाऊँच्या डोंगरात यंत्रं बसवली आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये लोकांसाठी मोबाइल ॲप सुरू झालं.

दुसरा रस्ता गुगलनं काढला, तो तर अजून नवलाचा. आपल्या फोनमध्ये एक बारीकसा सेन्सर असतो. फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते ती त्याच्यामुळं. फोन चार्जिंगला लावून टेबलावर शांत पडलेला असेल तर हाच सेन्सर जमिनीची थरथर पकडू शकतो. एका फोनवर भरवसा नाही, कारण टेबलाला कुणाचा धक्काही लागू शकतो. पण एका भागातल्या शेकडो फोननी एकाच वेळी तसंच सांगितलं तर सर्व्हरला कळतं की हा भूकंप आहे. मग पुढच्या गावांना इशारा जातो. भारतात ही सोय २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाली, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राशी बोलून. ४.५ किंवा त्याहून मोठ्या धक्क्याला इशारा मिळतो. महागडं यंत्र न बसवता ज्याच्या त्याच्या खिशातला फोनच भूकंपमापक झाला.

याचा हिशेब २०२५ च्या जुलैमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. ९८ देशांत ही व्यवस्था चालू आहे. इशारा मिळालेल्या ज्या लोकांनी उत्तर दिलं, त्यांतल्या ३६ टक्के लोकांना तो हादरा बसायच्या आधी मिळाला, २८ टक्के लोकांना हादरा चालू असताना आणि २३ टक्के लोकांना नंतर. म्हणजे तीनातल्या एकालाच खरा उपयोग झाला. तरी काही नसण्यापेक्षा हे पुष्कळ आहे. याच निबंधात एक मोठं अपयशही कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मांडलंय. ६ फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानच्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात संगणकानं सुरुवातीला तीव्रता फारच कमी धरली. त्यामुळं 'ताबडतोब जीव वाचवा' असा मोठ्या आवाजाचा इशारा पहिल्या धक्क्याला फक्त ४६९ फोनवर गेला. सुधारलेल्या पद्धतीनं तोच हिशेब पुन्हा केला तेव्हा तो इशारा सुमारे एक कोटी फोनवर गेला असता असं निघालं. यंत्र होतं, नेटवर्क होतं, फोनही होते. हिशेब चुकला आणि निरोप राहिला.

आता हा हिशेब आपल्या नकाशावर मांडून बघू. किल्लारी ते लोहा सरळ रेषेत साधारण ११५ किलोमीटर. घरं पाडणारी लाट लोह्याला पोचायला तेहतीस-चौतीस सेकंद. नांदेडला चाळीसच्या आसपास. लातूर शहराला अकरा-बारा. यातून यंत्राचे आणि हिशेबाचे आठ-दहा सेकंद वजा करा. लोह्याला वीस-पंचवीस सेकंद राहतात, लातूरला जेमतेम एक-दोन. आणि किल्लारीला? शून्य. खुद्द केंद्राजवळच्या गावाला कुठलंही तंत्रज्ञान आधी सांगू शकत नाही, कारण तिथं पहिली आणि दुसरी लाट जवळजवळ एकत्रच येते. तिथला इशारा म्हणजे धक्काच.

म्हणजे बघा, जिथं इशारा सगळ्यात चांगला मिळतो तिथं घरं सहसा पडत नाहीत आणि जिथं घरं पडतात तिथं इशारा पोचत नाही. १९९३ ला ही सगळी व्यवस्था असती तरी किल्लारी, सास्तूरची माणसं वाचली नसती. ती मेली ती भिंतींमुळं आणि माळवदामुळं. दोन-दोन फूट रुंद दगड-मातीच्या भिंती, आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना न बांधलेला, वर लाकडावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला माणूस आणखी माती टाकतो, वर्षानुवर्षं वजन वाढत जातं. भूकंपानंतर सरकारी कार्यक्रमात हे सगळं शिकवलं गेलं होतं. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवा, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदावरची माती कमी करा. गवंड्यांना शिकवलं, पुस्तिका निघाल्या, अनेक जिल्ह्यांत घरं मजबूत केली गेली. आज त्यातलं किती गवंड्यांना आठवतं, तुम्हीच आपल्या गावातल्या मिस्त्रीला विचारून बघा.

मग इशाऱ्याचं तंत्रज्ञान बिनकामाचं का? अजिबात नाही. वीस सेकंदांत दवाखान्यातली शस्त्रक्रिया थांबवता येते, रेल्वे थांबवता येते, लिंबोटीसारख्या धरणावरच्या कर्मचाऱ्याला सावध करता येतं, शाळेतली पोरं बाहेर काढायला सुरुवात करता येते. फक्त ते घराला पर्याय नाही, एवढंच मला म्हणायचंय.

निरोप शेवटच्या माणसापर्यंत पोचण्याचा दुसरा दाखला आपल्याजवळ आहेच, तो म्हणजे विजेचा. दरवर्षी मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात वीज पडून माणूस गेला, बैलजोडी गेली अशा बातम्या मी देत असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर विजेचा वेध घेणारे सेन्सर बसवलेत. एक वीज चमकली की तिच्या लहरी अनेक केंद्रांवर थोड्या-थोड्या फरकानं पोचतात. त्या फरकावरून जागा काढली जाते आणि 'दामिनी' ॲपवर तुमच्या वीस-चाळीस किलोमीटरच्या परिसरातला धोका दिसतो. विज्ञान पुण्याचं, ॲप फुकट. पण सोयाबीन काढणाऱ्या बाईजवळ कुठला फोन असतो? मालकाच्या खिशात असतो, नाहीतर झाडाला टांगलेल्या पिशवीत. आणि वीज त्याच झाडावर पडते. २०२३ च्या जुलैमध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्यानं वाजले होते, आठवतं? सरकारनं घेतलेली ती आणीबाणीच्या निरोपाची चाचणी होती. कितीतरी जणांनी घाबरून फोन बंद केले. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर विनोद फिरले. चाचणी यंत्राची झाली, आपली झाली नाही.

आता येऊ औंढा नागनाथला. लोह्यापासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. आठव्या ज्योतिर्लिंगाचं गाव म्हणून आपण जातो. त्याच तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याची ती थरथर होती. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यात लेझरचा किरण, आणि मोजायचा फरक किती, तर अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनपेक्षाही शेकडो पट लहान. २०१७ चं नोबेल याच कामाला मिळालं. केंद्रीय मंत्रिमंडळाने आपल्याकडच्या प्रकल्पाला २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ ला दिल्लीतून पायाभरणी झाली.

यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. जयंत नारळीकरांनी पुण्यात उभ्या केलेल्या आयुका या संस्थेत डॉ. संजीव धुरंधर यांनी १९९० च्या सुमारापासून एकाच प्रश्नावर काम केलं. प्रचंड गोंगाटात बुडालेला बारीकसा संकेत ओळखायचा कसा? उत्तर असं की, संकेत कसा दिसेल याचे हजारो नमुने आधीच गणितानं तयार ठेवायचे आणि आलेली नोंद प्रत्येक नमुन्याशी ताडून बघायची. जत्रेच्या गलक्यात आईला आपल्या लेकराची हाक ओळखू येते ना, तसंच. माळेगावच्या यात्रेत ज्याचं पोरगं हरवलंय त्याला हे लगेच कळेल. आणि गंमत अशी की, नमुना ताडून बघायची हीच रीत भूकंपशास्त्रातही वापरतात. कानाला न कळणारे बारीक धक्के जुन्या नोंदींतून त्याच पद्धतीनं शोधून काढले जातात.

अशा वेधशाळेला शांत जमीन लागते. अलिबागला चुंबकाच्या यंत्रांना लागली, खोडदला अँटेनांना लागली, तशीच औंढ्याला लागते. जवळ मोठे कारखाने नाहीत, रेल्वेचा खडखडाट नाही, म्हणून आपल्या मागासलेपणाला पहिल्यांदा भाव आला असं एक सेवानिवृत्त गुरुजी मला हसत म्हणाले. हसण्यावारी म्हणाले, पण बोल खरे होते. आणि योगायोग असा की २०२४ चे दोन्ही मोठे धक्के त्याच जिल्ह्यात, शेजारच्या कळमनुरी तालुक्यात बसले. यावरून लगेच 'प्रकल्प चुकीच्या जागी' अशा पोस्टी फिरल्या. तसं म्हणायला आधार नाही. अशी यंत्रं थरथरीपासून वाचवायला टांगती आरशांची आणि धक्के शोषून घेण्याची मोठी व्यवस्था असते. मोठा धक्का आला की मोजणी थांबते आणि मग पुन्हा सुरू करतात. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या भूकंपानंसुद्धा अमेरिकेतल्या वेधशाळांची मोजणी थांबते.

मला मुद्दा वेगळा दिसतो. गुरुत्वीय लहर ओळखायची तर जमिनीची प्रत्येक हालचाल आधी वजा करावी लागते. त्यासाठी अशा वेधशाळेत उत्तम दर्जाचे भूकंपमापक बसवावेच लागतात. म्हणजे मराठवाड्याच्या जमिनीची सगळ्यात बारीक नोंद उद्या औंढ्यात होणार. शास्त्रज्ञांसाठी ती नोंद म्हणजे कचरा, वजा करायचा गोंगाट. आपल्यासाठी मात्र तीच नोंद सोनं आहे. १९९२ ला किल्लारीजवळ असं एक जरी यंत्र असतं, तरी भूकंप टळला नसता. पण 'इथं काहीतरी चाललंय, दगड-मातीच्या घरांतून हला' एवढं म्हणायला हातात कागद असता.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. लोकप्रतिनिधी वाचत असतील तर त्यांच्यासाठी आणि नसतील तर आपल्या ग्रामसभेसाठी.

एक, औंढ्यात बसणाऱ्या भूकंपमापकांची नोंद राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राला आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला सतत मिळावी. हे करारातच लिहून घ्या, नंतर कुणी देत नाही.

दोन, हिंगोली, नांदेड, लातूर या पट्ट्यात छोटी, स्वस्त भूकंपमापकं शाळा-महाविद्यालयांत बसवावीत. पोरांना विज्ञान शिकायला मिळेल आणि धक्क्याचा पत्ता दहा मिनिटांत मराठीत जिल्ह्याला कळेल.

तीन, निरोप फोनवर सोडून देऊ नका. ग्रामपंचायतीचा भोंगा, देवळाचा आणि मशिदीचा लाऊडस्पीकर यांना इशाऱ्याशी जोडा. वीज असो, पूर असो, भूकंप असो, शेतातल्या बाईला ऐकू येईल तोच खरा इशारा.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तालुक्यातल्या जुन्या शाळाखोल्या, अंगणवाड्या आणि माळवदाची घरं यांची तपासणी करून यादी चावडीवर लावा. घरकुल मंजूर करताना पडक्या माळवदात राहणाऱ्याला आधी नंबर द्या. कोणतं घर धोक्यात आहे हे ओळखायला लेझर लागत नाही. गावातला चांगला मिस्त्री आणि एक इंजिनिअर दिवसभर फिरले तरी पुरे.

माझ्या पेशाचं काम निरोप पोचवायचं आहे, म्हणून हे सगळं मला जास्त टोचतं. कुलाब्याच्या यंत्रापासून खिशातल्या सेन्सरपर्यंत सव्वाशे वर्षांत यंत्राचे कान तीक्ष्ण झाले, संगणकाचं डोकं तल्लख झालं, निरोपाचे पाय वेगवान झाले. त्या मानानं गावातली भिंत जागची हलली नाही, आणि धक्का बसतो तेव्हा हलते ती तीच.

आज संध्याकाळी घरी गेल्यावर दोन कामं करा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन भूकंपाचा इशारा चालू आहे का बघा. आणि मग मान वर करून पत्र्यावर किती दगड आहेत ते मोजा. दगड काढून तिथं हूक मारून पत्रा आवळायला फार खर्च येत नाही. ते काम या पावसाळ्याच्या आधी उरकून घ्या.